पाव इंच माया

आमच्या घरात जी वस्तू सापडत नाही ती हल्ली गोधडीत सापडते. माझा निळ्या पट्ट्यांचा शर्ट असाच गेला. शाखेत ऑडिटर येणार असले की मी तो शर्ट हमखास घालत असे. त्या सरळ उभ्या पट्ट्यांमुळे माणूस जात्याच प्रामाणिक वाटतो, अशी माझी आपली एक समजूत. यंदा ऑडिटर यायच्या दिवशी कपाट उघडतो तर हँगर रिकामा! सौभाग्यवतींकडे तक्रार नेली. तिने शिलाई मशीनवरची मान न उचलता सांगितलं,

"अहो, कॉलर विरली होती त्याची."

"कॉलर विरली होती हे मान्य. बाकीचा शर्ट कुठाय?"

"बाकीचा हा काय!" असं म्हणून तिने साडेतीन इंची चौकोनांची एक गड्डी माझ्यापुढे टाकली.

गड्डी दिसली की आमचा हात आपोआप पुढे जातो. वीस वर्षं कॅश काउंटरवर बसल्याचा परिणाम. मोजली. बेचाळीस भरले. अकरा वर्षांची इमानी सेवा आणि शेवटी हातात काय, तर बेचाळीस तुकडे. आमच्या निवृत्तीचा हिशेब याहून फार वेगळा निघेल असं वाटत नाही.

या प्रकरणाचा उगम न्यू जर्सीत आहे. तिथे माझी मेहुणी राहते. ती दर दोन वर्षांनी येते आणि येताना बदाम, चॉकलेटं आणि एखादं नवं खूळ घेऊन येते. मागच्या खेपेला तिने बहिणीसाठी घरच्या घरी शिवायच्या सोप्या क्विल्टांचं पुस्तक आणलं. 'सोपे' या शब्दाला मी बिचकून असतो. सोप्या हप्त्यांत कर्ज घेतलेली माणसं मी रोज समोर बघतो. पण सौभाग्यवतीने पुस्तक उघडलं आणि पहिल्याच संध्याकाळी मला विचारलं, "अहो, आधी सोपा ब्लॉक करू का दोन रंगांचा?"

ब्लॉक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे डोंबिवलीचा सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक आला. दोन रंगांचा म्हणजे बहुधा हॉल पिवळा आणि स्वयंपाकघर हिरवं. मी घाबरून म्हटलं, "अगं, अजून या घराचे हप्ते फिटायचेत!" मग खुलासा झाला. क्विल्टचा ब्लॉक म्हणजे ठिगळं जोडून केलेला एक चौकोन. असे वीसतीस चौकोन करायचे आणि ते एकमेकांना जोडले की झाला क्विल्टचा दर्शनी भाग. सगळी रजई एकदम मांडीवर घेऊन बसायला नको. बारा माणसांच्या घरात जेवढी जागा वाट्याला येईल तेवढ्यात एक चौकोन शिवायचा, तो ट्रंकेत टाकायचा, मग दुसरा. अमेरिकेतल्या खेड्यांतल्या बायकांनी एकोणिसाव्या शतकात ही युक्ती घरोघर पोचवली. मोठं काम लहान लहान हप्त्यांत फेडण्याची ही कल्पना मला, पेशामुळे असेल, एकदम पटली.

यातला सगळ्यात सोपा ब्लॉक म्हणजे 'नाइन पॅच'. आपण नऊ ठिगळी म्हणू. तीन ओळी, ओळीत तीन चौकोन. एक गडद, एक फिका, एक गडद. खालच्या ओळीत उलटं. तिसरी पुन्हा पहिलीसारखी. फुल्लीगोळ्याचा खेळ आठवा, म्हणजे झालं. तिकडे मुलीच्या हाती पहिल्यांदा सुई द्यायची ती याच ब्लॉकसाठी. म्हटलं, आपणही हातभार लावू. मी बी.कॉम. आहे. नऊ इंचांचा ब्लॉक, ओळीत तीन चौकोन. नऊ भागिले तीन बरोबर तीन. मी तीन तीन इंचांचे चौकोन कापून मोकळा झालो. ब्लॉक शिवून झाला तो भरला आठ इंच. एका इंचाचा अपहार! आणि कॅशियर मी.

"माया सोडली नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

शिवणीसाठी कडेला सोडायच्या कापडाला माया म्हणतात, हे मला ऐकून माहीत होतं, आई शिवायची. तीन इंचांचा चौकोन हवा असेल तर साडेतीन इंचांचा कापायचा. चारी बाजूंनी पाव पाव इंच माया. ती शिवणीच्या आत जाते, वरून कुणाला दिसत नाही, पण नसली की सगळं उसवतं. चौकोनाला चौकोन जोडत बसायचंही काम नाही. साडेतीन इंची लांब पट्ट्या कापायच्या, तीन तीन पट्ट्या लांबीत जोडायच्या आणि मग त्या जोडपट्ट्यांना आडवे साडेतीन इंचांचे छेद द्यायचे. ओळी तयारच निघतात. शिवणी इस्त्रीने गडद कापडाच्या बाजूला दाबायच्या, म्हणजे फिक्यातून गडद दिसत नाही. एवढं शिकल्यावर माझी बढती कापण्यावरून इस्त्रीवर झाली.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. पण शर्ट संपले, मुलाची शाळेची पँट संपली, दोन उशांचे अभ्रे संपले, आणि एके दिवशी सौभाग्यवतीची नजर माळ्यावर गेली. माळ्यावर आईची ट्रंक आहे. आई जाऊन तीन वर्षं झाली. त्या ट्रंकेत तिची सात सुती पातळं आहेत. रेशमी साड्या ताईने आणि हिने वाटून घेतल्या. पातळांचं काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही. ताई म्हणाली होती, बोहारणीला देऊन टाका. मी म्हटलं, देऊ. पण बोहारीण आली की मी नेमका आंघोळीला जातो.

"त्या ट्रंकेला हात लावायचा नाही," मी बजावलं. "आईच्या पातळांची ठिगळं व्हायची नाहीत."

ती काही बोलली नाही. आमच्या घरात ती बोलली नाही की मला अभ्यासाला बसावं लागतं. ठिगळं जोडणं हे नडलेल्या माणसाचं काम आहे, प्रॉव्हिडंट फंड असलेल्याचं नव्हे, हे इतिहासाच्या आधाराने सिद्ध करावं म्हणून मी तेच न्यू जर्सीचं पुस्तक घेतलं, वाचनालयातून आणखी तीन आणली, आणि चार रविवार त्यात घातले. आमच्याच शत्रूच्या तोफा घेऊन लढाई! पण तोफा निघाल्या फितूर.

माझा पहिलाच मुद्दा पडला. मला वाटत होतं, अमेरिकेत जाऊन राहिलेल्या पहिल्या गोऱ्या माणसांकडे कपडे नव्हते म्हणून त्यांनी चिंध्या जोडल्या. अमेरिकेतसुद्धा कित्येकांना असंच वाटतं. पण माणूस मेल्यावर त्याच्या घरातल्या चीजवस्तूंची जी सरकारी यादी होत असे, तीत वसाहतीच्या काळात क्विल्ट सापडतात ते बहुतेक खात्यापित्या घरांत, आणि त्यांची किंमतही चांगली लावलेली असते. गरीब माणूस लोकरीची घोंगडी पांघरत होता. कारण उघड आहे. चिंध्या उरायला आधी कापड लागतं. ज्याच्याजवळ अंगावरचा एकच सदरा आहे त्याच्याकडे रंगसंगती साधायला तुकडे कुठून येणार? ठिगळं जोडून केलेले क्विल्ट घरोघर दिसू लागले ते 1830-40 नंतर, गिरण्यांचं छापील कापड स्वस्त झाल्यावर. म्हणजे ज्याला मी नडलेल्या माणसाचं काम समजत होतो ते मध्यमवर्गाचं निघालं. म्हणजे आमचंच!

बरं, ते कापड तरी कुठलं? इथे मला खुर्चीत सावरून बसावं लागलं. इंग्रजीतलं 'कॅलिको' हे कापडाचं नाव आपल्या कालिकतवरून पडलं. वास्को द गामा 1498 मध्ये तिथे उतरला होता. 'चिंट्झ' हा शब्द आपल्या छींटवरून. मच्छलीपट्टण आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे कारागीर तुरटी आणि मुळांपासून काढलेला तांबडा रंग वापरून सुती कापडावर अशी फुलं काढत, की कापड धुतलं तरी रंग जात नसे. युरोपला तोवर हे माहीत नव्हतं. त्यांच्याकडे धुतल्यावर टिकायचं ते कापड, रंग नव्हे. सतराव्या शतकात ही छींट जहाजं भरभरून गेली आणि लंडनच्या बायका तिच्यामागे वेड्या झाल्या. तिथल्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. फ्रान्सने 1686 मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली, ती 1759 पर्यंत टिकली. इंग्लंडने आधी 1701 पासून आपल्याकडचं छापील कापड देशात वापरासाठी आणायची बंदी केली. तेवढ्याने भागेना म्हणून 1721 मध्ये असा कायदा केला की छापील सुती कापड अंगावर घालायचं नाही आणि घरातल्या सामानालाही वापरायचं नाही. तो 1774 पर्यंत चालला. दरम्यान 1719 मध्ये लंडनचे विणकर रस्त्यात छींट नेसलेल्या बाईला गाठून तिच्या कपड्यांवर शाई ओतत होते, कपडे फाडत होते. एका फुलाफुलांच्या झग्यापायी! आमची मंडळी लक्ष्मी रोडवर साडीवर साडी उलगडून घेतात आणि काही न घेता उठतात, तेव्हा दुकानदाराच्या मनातही असंच काहीसं येत असणार. पण तो फक्त चहा मागवतो.

अशा महागड्या, पुढे तर बेकायदा कापडाचा तुकडा कोण फेकेल? इंग्लंडच्या वायव्य भागात लेव्हन्स हॉल नावाचा वाडा आहे. तिथे 1708 च्या सुमाराची मानली जाणारी ठिगळांची पलंगपोस आहे. इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या ठिगळकामांत तिची गणना होते. ती शिवली आहे हिंदुस्थानी छींटेच्या तुकड्यांनी. मी हे वाचून दाखवलं आणि सौभाग्यवती म्हणाली, "म्हणजे आपलंच कापड होतं की!" मी पुस्तक मिटलं. मुद्दा माझ्या बाजूचा आहे की तिच्या, हे मला तेव्हा ठरवता येईना.

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे, पण तो गोधडीखालून वेगळा दिसतो. गिरण्या लँकेशायरात आल्या, कापूस अमेरिकेतल्या गुलामांच्या हातांनी पिकू लागला आणि आपलं कापड घेणारे आपल्यालाच कापड विकू लागले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिकडे उत्तरेकडच्या बायका छावण्यांतल्या आणि इस्पितळांतल्या सैनिकांसाठी गठ्ठ्यांनी क्विल्ट शिवून पाठवत होत्या आणि इकडे, दक्षिणेचा कापूस अडकल्यामुळे, मुंबईत आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईकरांनी शेअर्सचा जो जुगार मांडला तो युद्ध संपताच 1865 मध्ये कोसळला, आणि त्यात बँक ऑफ बॉम्बे अशी सापडली की 1868 मध्ये ती गुंडाळावी लागली. अमेरिकेत युद्ध संपलं आणि मुंबईत बँक बुडाली! तेव्हाच्या त्या बँकेतल्या कारकुनांचं काय झालं असेल, या विचाराने मला त्या रविवारी दुपारची झोप लागली नाही.

पण मी नमुन्यांबद्दल सांगत होतो. फिलाडेल्फियाहून निघणाऱ्या 'गोडीज लेडीज बुक' या बायकांच्या मासिकाने 1835 मध्ये षटकोनी ठिगळांचा नमुना छापला. अमेरिकेतला तो पहिला छापील क्विल्ट-नमुना मानतात. मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. करायला महाकठीण, कारण कागदाचा एकेक षटकोन कापून त्यावर कापड दुमडायचं. तो आमच्याकडे अर्ध्या संध्याकाळीच रद्द झाला. त्यापेक्षा 'लॉग केबिन' बरा. लॉग केबिन म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांची झोपडी. मधे एक चौकोन, बहुतेक वेळा लाल. ती म्हणे घरातली चूल. तिच्याभोवती पट्ट्या फिरवत जायचं, दोन बाजूंना फिक्या आणि दोन बाजूंना गडद, म्हणजे अर्ध्या घरात उजेड आणि अर्ध्यात अंधार. हा 1860 नंतर फार चालला. अब्राहम लिंकन अशाच झोपडीत जन्मले होते आणि 1860 च्या निवडणुकीत त्या झोपडीचा भरपूर प्रचार झाला होता. नवशिक्याला हा ब्लॉक सोपा, कारण एकेक पट्टी लावत जायचं आणि कंटाळा आला की थांबायचं. ब्लॉक थोडा लहान होतो, एवढंच.

घरोघर मशीन आलं ते सिंगरमुळे. सिंगरने 1851 मध्ये पेटंट घेतलं, पण मशीनची किंमत शंभर डॉलरच्या वर. कुठल्या शेतकऱ्याला परवडणार? तेव्हा 1856 मध्ये त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने मशीन हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली. थोडे पैसे आज द्या, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्या-महिन्याला. या गृहस्थाचा फोटो आमच्या शाखेत मॅनेजरच्या खुर्चीमागे लावायला हरकत नाही. हप्ता थकवला तर मशीन परत नेत. म्हणजे वसुलीही तेव्हापासूनचीच.

नमुन्यांची नावं वाचताना माझा विरोध बराच ढिला पडला, हे कबूल करतो. एकाचं नाव 'उडती बदकं', एकाचं 'अस्वलाचा पंजा', एकाचं 'लोण्याची रवी'. एक वेडावाकडा, नागमोडी नमुना आहे, त्याचं नाव 'दारुड्याची वाट'. आणि एक नमुना आहे 'पीटरचं लुटा, पॉलला द्या'. त्यात कापड दोनच रंगांचं. तांबड्या चौकोनाच्या बाजूंतून वाटोळे घास काढून घ्यायचे आणि ते शेजारच्या पांढऱ्याला जोडायचे. पांढऱ्यातून काढलेले तांबड्याला. कापडाचा कण वाया जात नाही. एकाच्या नावे जेवढं, दुसऱ्याच्या जमेला तेवढंच. मी सौभाग्यवतीला म्हटलं, "अगं, ही तर डबल एन्ट्री!" ती म्हणाली, "मग तुम्हीच शिवा." वाटोळी शिवण फार अवघड असते. ताळेबंद जुळला नाही.

एक गोष्ट मात्र मी स्वतः रद्द केली. पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखवायला क्विल्ट दोरीवर वाळत घालत आणि त्यांतल्या नमुन्यांत खुणा असत, ही कथा 1999 मध्ये एका पुस्तकाने फार लोकप्रिय केली. कथा सुंदर आहे, पण इतिहासकार म्हणतात की त्या काळचा पुरावा सापडत नाही. व्हाउचर नसेल तर मी एन्ट्री घेत नाही, कितीही सुंदर असली तरी.

उलट 'कॅन्सस सिटी स्टार' या वर्तमानपत्राची एन्ट्री बिनधास्त घ्या. 1928 पासून 1961 पर्यंत या पत्राने क्विल्टचे हजारावर नमुने छापले. शेतकऱ्याची बायको अंक आला की आधी कात्री मागे. नवऱ्याने कापसाचा भाव वाचायला पान उलटलं की मधे चौकोनी भोक. मंदीच्या वर्षांत पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांत येई. रिकामी पोती बायका कपड्यांना वापरतात हे कंपन्यांच्या लक्षात आलं आणि त्या पोत्यांवर फुलं छापू लागल्या! एका मोठ्या पोत्यातून वारभर कापड निघे. नवऱ्याला दुकानात धाडताना खाद्य कुठलं ते न सांगता नक्षी कुठली ते सांगत. तो बिचारा ढिगाच्या तळचं पोतं ओढून काढायला लावत असणार आणि दुकानदार त्याच्याकडे, मी आमच्या सुट्ट्या नाण्यांच्या गिऱ्हाइकांकडे बघतो तसा, बघत असणार.

हे सगळं मी रोज रात्री जेवताना घरात सांगत होतो. हॅरिएट पॉवर्सची हकीकत मात्र दोन दिवस सांगितली नाही.

ही बाई 1837 मध्ये जॉर्जिया राज्यात गुलाम म्हणून जन्मली. गुलामगिरी संपल्यावर नवराबायकोने थोडीशी जमीन केली. तिने एक क्विल्ट शिवला, कापडाच्या कातरलेल्या आकृत्या लावून. बायबलातल्या गोष्टींची अकरा चित्रं. 1886 मध्ये अथेन्स गावच्या जत्रेत तो मांडला होता. जेनी स्मिथ नावाच्या एका गोऱ्या चित्रकार बाईने तो पाहिला आणि विकत मागितला. पॉवर्सबाई म्हणाली, विकायचा नाही, काही दिलंत तरी. चारपाच वर्षं गेली, दिवस वाईट आले आणि तिने स्वतःच निरोप धाडला. बैलगाडीतून ती आली, क्विल्ट मांडीवर, स्वच्छ पिठाच्या पोत्यात गुंडाळलेला, त्यावर आणखी एक गोणपाट. दहा डॉलर मागितले. स्मिथबाईजवळ पाचच होते. पॉवर्सबाई बाहेर गेली, नवऱ्याशी बोलून आली. नवरा म्हणाला, दिवस असे आहेत, घे. तिने घेतले. पण क्विल्ट हातातून सोडण्याआधी तिने एकेक चित्र कशाचं आहे ते समजावून सांगितलं आणि स्मिथबाईने ते लिहून ठेवलं. पुढे ती कितीदा तरी त्या घरी आली, नुसता क्विल्ट बघायला.

तो आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पन्नास टक्के सवलतीत गेलेला. मी आयुष्यभर तारण ठेवलेले दागिने बघतो आहे. कर्ज न फिटलेली बाई एखाद्या वेळी उगाच शाखेत येते, खातं विचारते, सेफकडे बघते आणि जाते. मला वाटे, हिला व्याजाचा हिशेब कळला नाही, म्हणून परत परत येते.

तिसरी गोष्ट तर मी सांगितलीच नाही. पुस्तकात बोट घालून पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. अलाबामात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे, गुलामांच्या वंशजांची. तिथल्या बायकांचे क्विल्ट 2002 मध्ये ह्यूस्टनला आणि न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागले आणि 2006 मध्ये टपालाच्या तिकिटांवर आले. त्यांत एक आहे मिसूरी पेटवेचा, 1942 चा. निळे-करडे, गुडघ्यावर रंग उडालेले तुकडे. तिचा नवरा वारला तेव्हा तिने त्याचे शेतात घालायचे कपडे काढले आणि त्यांचा क्विल्ट शिवला, त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपावं म्हणून. तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असलेली तिची मुलगी आर्लोन्झिया हिने पुढे ही हकीकत सांगितली. तिने आईला तुकडे फाडायला मदत केली होती.

सौभाग्यवतीने ते पान वाचलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून ट्रंक खाली काढली.

डांबराच्या गोळ्यांचा वास आणि त्याखाली आईचा. सात पातळं, इचलकरंजीची, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली. आमच्या आजीची गोधडी या असल्याच लुगड्यांची असे, आणि तिला ब्लॉक वगैरे काही भानगड नव्हती. वाईजवळच्या आमच्या गावी तिला वाकळ म्हणत. अंगणात लुगडं पसरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड, त्यावर दुसरं लुगडं, मधे धोतरं, फाटकी चादर, आणि जाड सुईने कडेपासून धावदोरा घालत फिरत फिरत मध्यावर यायचं. ठिगळ लावायचं ते फक्त विरलं असेल तिथे. आजी कापत नसे. कापायला कशाला हवं, ते आपसूक फाटतं, असं ती म्हणे. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी बायका अशाच गोधड्या शिवतात, कडेकडून आत येत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्याला धरून आणलेल्या गुलामांचे हे वंशज. त्या शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुलं म्हणतात. ती नसतील तर गोधडी उघडी दिसते म्हणे. आजीच्या वाकळीला कोपऱ्यावर फुलं होती की नव्हती, ते मला किती आठवलं तरी आठवेना.

आमच्याकडे तडजोड झाली. दोन पातळं अस्तराला अखंड जातील, आजीच्या पद्धतीने. तीन अखंडच मधे, पोटात. एक ताईला द्यायचं, तिने फोनवर आधी "कशाला?" म्हटलं आणि पाच मिनिटांनी परत फोन करून "कुठलं?" म्हणून विचारलं. राहिलं ते आमसुली रंगाचं, बारीक पांढऱ्या चौकड्यांचं. ते कापायचं ठरलं, वरच्या ब्लॉकांसाठी.

मी ते जमिनीवर उलगडलं. निऱ्यांच्या जागी आईने लावलेलं एक ठिगळ होतं, चार बोटांचं, त्याच पातळाच्या पदराचं. चौकडीला चौकडी अशी जुळवलेली की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसू नये. हे पातळ मी पाचवी-सहावीत असल्यापासून पाहतो आहे. ते ठिगळ मला तेव्हा कधी दिसलं नव्हतं. त्या काळी आमच्या घरात पैशांची किती ओढाताण होती हेही नव्हतं दिसलं.

"हे मधल्या चौकोनात येऊ दे," सौभाग्यवती म्हणाली. "सरळ ठेवा. खडूने आखून घ्या आधी."

मी आखलं. दोनदा मोजलं. कात्री घेतली.

"माया सोडलीत ना?"

"सोडलीय गं. पाव इंच."

वीसपैकी चौदा ब्लॉक झालेत. माझा ऑडिटचा शर्ट आणि आईचं पातळ एका आड एक बसलंय आणि, रंगाचं मला काही कळत नाही, पण शेजारच्या काकूसुद्धा बरं दिसतं म्हणाल्या. परवा बोहारीण आली होती. मी या खेपेला आंघोळीला गेलो नाही. जुने कपडे काही नाहीत, म्हणून सांगितलं. तिने माझ्या अंगावरच्या शर्टाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, चहाची गाळणी देते बघा." आतून मशीनचा आवाज एकदम थांबला. मी घाईघाईने दार लावून घेतलं.